अनेकाक्षरी नावे : मराठी पुरुषनामांचा एक इतिहास

साहित्यकृतीतील व्यक्तिनामांचा विचार आपल्याकडे बहुधा अर्थाच्या अंगाने होतो. नायकाचे नाव अमुक का, त्यातून कोणते प्रतीक सूचित होते, पुराणातील कोणता संदर्भ जागा होतो, एवढे सांगितले की समीक्षकाचे काम संपते. नावाचा आकार मात्र दुर्लक्षित राहतो. एखादे नाव दोन अक्षरांचे आहे की पाच अक्षरांचे, ते पूर्ण उच्चारले जाते की तोडून, तोडून उच्चारण्याचा हक्क कोणाला असतो आणि कोणाला नसतो, हे प्रश्न भाषेच्या तसेच समाजाच्या इतिहासात खोलवर रुजलेले आहेत. प्रस्तुत लेखात मराठी पुरुषनामांपैकी लांब, अनेकाक्षरी नावांची वाटचाल या दृष्टीने पाहावयाची आहे. मराठीत लांब नावाचा इतिहास हा अभिरुचीचा इतिहास आहेच. पण त्याहून अधिक तो अधिकाराचा इतिहास आहे, असे येथे म्हणावयाचे आहे.

आरंभी एक तांत्रिक बाब स्पष्ट करायला हवी. मराठीत लिहिलेली अक्षरे आणि उच्चारलेली अक्षरे यांची संख्या सारखी नसते. ‘पुरुषोत्तम’ हे नाव लिहिताना पाच अक्षरांचे आहे. उच्चारात अंत्य अकार लोपतो आणि ते चार अवयवांचे होते. ‘मधुसूदन’चेही तसेच. संस्कृतात ज्या नावाला पाच पावले लागतात ते मराठी तोंडात चार पावलांत संपते. पुढे घरात त्याचे ‘पुरु’ किंवा ‘मधू’ होते. म्हणजे प्रत्येक लांब नावामागे त्याचे एक आखूड रूप उभे असते. या दोन रूपांमधील अंतरात जे घडते, तोच आपल्या विवेचनाचा विषय आहे.

१

नावाच्या अक्षरसंख्येला शास्त्राने फार पूर्वीच नियमात बांधले. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे नाव समसंख्य अक्षरांचे असावे, असे सांगितले आहे. प्रतिष्ठा इच्छिणाऱ्याने ते दोन अक्षरांचे ठेवावे, ब्रह्मवर्चस इच्छिणाऱ्याने चार अक्षरांचे. मुलींची नावे विषम अक्षरांची असावीत. पारस्कर गृह्यसूत्र याही पुढे जाऊन नावाचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, अशी ध्वनिव्यवस्था लावून देते. अक्षरसंख्या आणि फळ यांची ही सांगड पाहिली म्हणजे नावाची लांबी हा केवळ कानाला गोड वाटण्याचा प्रश्न नव्हता, हे लक्षात येते.

मनुस्मृतीत हाच विचार वर्णव्यवस्थेला जोडलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तिरस्कारसूचक असावे, असे दुसऱ्या अध्यायात सांगून लगेच पुढच्या श्लोकात नावाच्या उत्तरपदाचीही वाटणी केली आहे. ब्राह्मणाच्या नावातून सुख, क्षत्रियाच्या नावातून रक्षण, वैश्याच्या नावातून समृद्धी आणि शूद्राच्या नावातून सेवकपण सूचित व्हावे, अशी ती योजना. सामासिक नावाचे दुसरे पद हे नावाला लांबी देणारे पद असते. ती लांबीदेखील कोणाला कोणत्या अर्थाची मिळावी, हे येथे ठरवून टाकलेले दिसते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) नामकरण संस्काराची या दृष्टीने उपयुक्त छाननी केली आहे.

नियम मात्र व्यवहारात जसाच्या तसा टिकला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधू’त देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. मासनामांच्या यादीत ‘हरि’ हे दोन अक्षरांचे नाव आहे, तसेच ‘यज्ञपुरुष’ आणि ‘पुंडरीकाक्ष’ ही पाच अक्षरांची नावेही आहेत. सम अक्षरांचा नियम येथे भक्तिपरंपरेच्या नामावलीपुढे मागे सरला. त्याहून महत्त्वाची आहे ती या चार नावांची कल्पनाच. एका मुलाला अनेक नावे असतात आणि त्यांतील एकच रोजच्या वापराचे असते, हे शास्त्रानेच मान्य केले आहे.

२

महाराष्ट्रातील प्राचीन लेखांकडे वळले की ही दुहेरी व्यवस्था दगडात कोरलेली आढळते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील लेखात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचा गौरव केला आहे. तिचा पुत्र ‘गोतमिपुत सातकणि’ आणि नातू ‘वासिठिपुत पुळुमावि’. येथे लांबी आईच्या गोत्रनामातून आलेली आहे. ‘पुळुमावि’ हे मूळचे देशी वळणाचे नाव. राजलेखात येताना त्याला मातृनामाची भारदस्त जोड मिळते. त्याच नाशिकमध्ये क्षहरात नहपानाचा जावई उषवदात आपल्या पित्याचे नाव दीनीक असे सांगतो. पित्याचे नाव परके, पुत्राचे ऋषभदत्त या संस्कृत नावाशी जुळणारे. एका पिढीच्या अंतरात नाव बदलले आहे आणि त्याबरोबर वाढलेही आहे. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकटच्या एका यवनाचे नाव ‘सिहधय’, म्हणजे सिंहध्वज असे आहे, तर जुन्नरच्या एका यवनाचे नाव ‘इरिल’ असेच राहिले आहे. दानलेखांतील ‘-रखित’, ‘-मित’, ‘-दत’ ही उत्तरपदे सामान्य उपासकांच्या नावांतही येतात. लेण्याला दान देणारा माळी असो, गंधी असो वा सुतार असो, त्याच्या नावाला दुसरे पद असण्यास तेथे आडकाठी दिसत नाही. याचा संदर्भ पुढे येणार आहे.

राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव यांच्या काळात देशी आणि संस्कृत नावांची जोडी अधिक ठळक होते. ‘कन्नर’ हा राजा ताम्रपटात ‘कृष्ण’ होतो आणि ‘अकालवर्ष’ हे बिरुद धारण करतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांत ‘झंझ’, ‘गोग्गि’, ‘वज्जड’, ‘मुम्मुणि’ ही आखूड, ठसठशीत देशी नावे आधी येतात. नंतरच्या पिढ्यांत ‘अपरादित्य’, ‘हरिपालदेव’, ‘मल्लिकार्जुन’ अशी लांब नावे दिसू लागतात. या नावांवरून एखाद्या घराण्याच्या संस्कृतीकरणाची पावले मोजता येतात.

३

मराठी वाङ्मय सुरू होते तेव्हा हा प्रश्न वेगळ्या पातळीवर जातो. लीळाचरित्रात लांब नाव आणि हाकेचे नाव जवळजवळ खांद्याला खांदा लावून वावरतात. नागदेवाचार्य हे ‘भटोबास’ आहेत, केशिराज ‘केसोबास’ आहेत, ऋद्धिपुरचे गोविंदप्रभू ‘गुंडम राउळ’ आहेत. येथील आखूड रूपात अवहेलना नाही. पंथातील जवळीक आणि आदर दोन्ही त्यात आहेत. लीळाचरित्राच्या गद्याला जो बोलीचा जिवंतपणा लाभला आहे, त्यात या हाकेच्या नावांचा वाटा मोठा आहे.

वारकरी संतांनी याही पुढचे पाऊल टाकले. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेत ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांपैकी अनेकांनी स्वतःचे नाव स्वतःच तोडले. ‘नामा’, ‘एका’, ‘तुका’, ‘चोखा’ ही दोन अक्षरी रूपे छंदाच्या सोयीची आहेत, हे खरे. पण छंदाची सोय हे त्यांचे पुरते स्पष्टीकरण नव्हे. ईश्वरापुढे आपले नाव लहान करणे हा भक्तीचा एक आविष्कार आहे. स्वतः होऊन स्वीकारलेले हे लहानपण होते. मात्र एक भेद नजरेआड करता येत नाही. तुकारामाला ‘तुका’ म्हणवून घ्यावेसे वाटले, तरी इतरांसाठी तो ‘तुकोबा’ झाला. ‘चोखा’ हा चोखोबा झाला तो वारकऱ्यांच्या वाळवंटात. गावकुसाच्या आत तो सन्मान त्याच्या ज्ञातीला मिळाला नाही. चोखामेळ्याने आपल्या मुलाचे नाव कर्ममेळा असे ठेवले. त्या चार अक्षरी नावाकडे, वडिलांच्या नावाचे उत्तरपद पुढे नेणारे सामासिक नाव म्हणून, अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे.

४

मराठेशाहीत नावाची लांबी प्रामुख्याने प्रत्ययांनी ठरते. ‘-जी’, ‘-राव’, ‘-पंत’, ‘-बा’ हे प्रत्यय मूळ नावाला पद देतात. मूळ नाव मग संस्कृत असो, देशी असो वा फारसी. हैबतराव, सुलतानजी, फिरंगोजी, सर्जेराव ही नावे सहज मराठी झाली. मालोजी भोसल्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेची आठवण म्हणून ठेवली गेली, असे परंपरा सांगते.

याच नावाचा पुढचा प्रवास उद्बोधक आहे. व्यंकटेश या नावाचे व्यंकोजी आणि व्यंकोजीचे एकोजी असे रूप धारण करून भोसल्यांची एक शाखा तंजावरला स्थिरावली. त्या घराण्यात शरीफजी हे नाव ‘शरफोजी’ आणि मग ‘शरभोजी’ झाले. पुढे राजसभेतील कवींनी त्याला ‘शरभेंद्र’ असे सजवले. पीराच्या नावाशी जोडलेला शब्द शरभ या पुराणातील पशूचे रूप घेऊन ‘इंद्र’ या उत्तरपदापर्यंत पोहोचला. व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने ही लोकव्युत्पत्ती ठरेल. वाङ्मयीन इतिहासाच्या दृष्टीने मात्र नावाचा आधीचा इतिहास झाकण्याची आणि त्याला नवे कूळ मिळवून देण्याची ती एक रीत आहे.

याच काळातील पत्रव्यवहारात बाळाजी जनार्दन हा नाना होतो, रघुनाथराव हा राघोबादादा आणि सदाशिवराव हा भाऊ. आखूड रूप आदराचे आहे, कारण त्याला ‘दादा’, ‘साहेब’ यांचे कुंपण आहे. हे कुंपण ज्यांच्या नावाला नव्हते त्यांचे काय? ‘गोविंद’ या एकाच नावाची गोविंदराव, गोविंदा, गोंदा, गोंद्या अशी उतरंड लागते आणि ती बहुधा सामाजिक उतरंडही असते. ‘-या’ प्रत्यय घरात लाडाचा आणि वाड्याच्या दारात तुच्छतेचा. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे.

येथे धोंडो, केरो, दगडू, भिकाजी यांसारख्या नावांचा उल्लेख अपरिहार्य आहे. मुले जगत नसल्यास दृष्ट लागू नये म्हणून क्षुद्र वस्तूचे नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती. महर्षी धोंडो केशव कर्वे किंवा गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांची नावे त्याची साक्ष देतात. पण ‘केरो’चे ‘केरूनाना’ होण्याची वाट जशी मोकळी होती, तशी ‘दगडू’ला सर्वत्र नव्हती. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची ‘-नाक’ प्रत्ययान्त नावे कोरलेली आहेत. हा प्रत्यय सामान्यतः ‘नायक’ या शब्दाशी जोडला जातो. नायकत्व सांगणारा प्रत्यय जातीची खूण होऊन बसला, हा मराठी नामव्यवहारातील एक मोठा विपर्यास आहे.

५

मुद्रणयुगात लांब नावाला रंगभूमी आणि कादंबरी यांचे नवे घर मिळाले. देवलांच्या ‘शारदा’त (१८९९) भुजंगनाथ आणि भद्रेश्वर दीक्षित ही भारदस्त नावे उपहासाचे साधन होतात; तरुण नायकाचे नाव कोदंड असे नेमके व ताठ आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) सुधाकर हे सुशिक्षित वकिलाचे नाव आहे, त्याला व्यसनाकडे ओढणाऱ्याचे नाव तळीराम, आणि ते पुढे सामान्यनामच झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नाटकात ‘विक्रांत’ योजतात, पण ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिताना बंडूनाना आणि पांडुतात्या यांना हाक मारतात. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊही त्याच घरातले. यावरून एक सामान्य निष्कर्ष काढता येईल : त्या काळच्या मराठी वाङ्मयात प्रणय आणि आदर्श यांना संस्कृत अनेकाक्षरी नाव लागते, तर विनोदाला हाकेचे नाव पुरते. नावाच्या लांबीवरून वाङ्मयप्रकार ओळखता यावा, इतकी ही विभागणी काही काळ पक्की होती.

या अभिरुचीला बंगालची जोड होती. १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू करणाऱ्या काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी बंगाली साहित्याच्या ओढीने ‘मित्र’ हे उपनाव धारण केले. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्यास होते. रवींद्रनाथांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या. ‘-इंद्र’ हे उत्तरपद आपल्याकडे मुळीच नव्हते असे नाही. ‘उपेंद्र’ मासनामांत होते, ‘राघवेंद्र’ मठपरंपरेत होते. परंतु सुरेंद्र, नरेंद्र, रवींद्र, देवेंद्र ही नावे विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गात ज्या सहजतेने रुळली, तिचे श्रेय या वाचनाला द्यावे लागेल. आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल येथे सैल झाली. कुलदैवताऐवजी पुस्तक हा नावाचा उगम झाला.

मुद्रणाने लांब नावाला आणखी एक आखूड रूप दिले. ते म्हणजे आद्याक्षरे. पुरुषोत्तम लक्ष्मण यांचे ‘पु. ल.’ होते आणि मग ‘पुलं’. गजानन दिगंबर माडगूळकर ‘गदिमा’ होतात. संक्षेपाने मान वाढावा, ही सवलत छापील नावालाच मिळाली. घरातील स्त्रीला मात्र पतीचे नाव घेण्याची मुभा उखाण्यापुरतीच होती. तेथे ते ‘राव’ लावून, पूर्ण आणि पद्यात घ्यावे लागे. कोणाचे नाव कोणी किती लांब उच्चारावे, याचे नियम असे घरोघर पाळले जात होते.

६

या नियमांना पहिला वैचारिक छेद सत्यशोधकी परंपरेने दिला. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) संवाद चालतो तो जोतीराव आणि धोंडीराव यांच्यात. ‘धोंडी’ या दृष्ट टाळणाऱ्या नावाला ‘राव’ जोडून त्याला प्रश्न विचारणाऱ्या बुद्धिवंताच्या जागी बसवले आहे. संवादलेखनातील ही योजना सहज केलेली मानता येणार नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव नोंदले गेले. भिवा हे भीमाचे बोलीतील रूप. त्या पटापासून ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ या नावापर्यंतचे अंतर ज्यांनी चालून पार केले, त्यांना नावाच्या लांबीचे राजकारण कोणी शिकवायला नको होते. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईस काढलेल्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर ही नावे पाळण्यापर्यंत आली. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद यांच्या जोडीला नागसेन, अश्वघोष, तथागत, संघपाल, धम्मपाल, बोधिसत्त्व ही नावे बारशाला ठेवली जाऊ लागली. ‘धर्मपाल’ न म्हणता ‘धम्मपाल’ म्हणण्यात भाषेची निवड आहे, आणि ती संस्कृतच्या जागी पाली निवडते. कार्ले-जुन्नरच्या दानलेखांत ‘-रखित’ आणि ‘-मित’ लावणाऱ्या उपासकांशी या नावांचे नाते रक्ताचे नाही, अखंड परंपरेचेही नाही. ते जाणीवपूर्वक जोडलेले नाते आहे, म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. मनुस्मृतीने ज्या उत्तरपदातून सेवकपण सूचित करायला सांगितले होते, त्या जागी ‘पाल’, ‘सेन’, ‘घोष’, ‘सत्त्व’ आले. अशा नावाचे आखूड रूप करणे गावातल्या वरिष्ठ जातीच्या माणसाला सहज जमत नव्हते. ‘बोधिसत्त्व’ला ‘-या’ लागत नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’त (१९७८) या प्रश्नाचे सर्वांत वेदनामय रूप भेटते. तेथे दया पवार आणि दगडू मारुती पवार हे एकाच माणसाचे दोन अंश समोरासमोर येतात. एक छापील नाव, दुसरे हाकेचे. साऱ्या आत्मकथनाचे निवेदनतंत्र या दोन नावांमधल्या फटीतून निर्माण झाले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) प्रश्न मधल्या नावाचा, म्हणजे पित्याच्या नावाचा होतो. मराठीची तीन पदी नामरचना इतरांना निर्विकार भासते. येथे तिच्यातील प्रत्येक रिकामी जागा बोलू लागते. या आत्मकथनांना केवळ सामाजिक दस्तऐवज समजणाऱ्या समीक्षेने नावाची ही रचना पाहिलेली नाही. ती रचनेचीच बाब आहे, आशयावर वरून चिकटवलेली नाही.

७

साठोत्तरी कादंबरीत आणखी एक वळण आले. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग, ‘बिढार’चा (१९७५) चांगदेव आणि ‘हिंदू’चा (२०१०) खंडेराव. ही नावे आखूड नाहीत, पण ती कादंबरीच्या वाचनातून आलेली नाहीत. पंढरपूर, तापीकाठ आणि जेजुरी यांच्याकडून आलेली आहेत. संस्कृत लांबीला देशी लांबीने दिलेले हे उत्तर आहे. त्याची मर्यादाही नोंदवायला हवी. देशी नाव म्हणजे सर्वांचे नाव, असे समीकरण मांडता येत नाही. खंडेराव या नावातील ‘राव’ गावात कोणाला लागत होता, हा प्रश्न देशीवादालाही टाळता येणार नाही.

आज बारशाच्या वेळी नावांची पुस्तके आणि संगणकावरच्या याद्या चाळल्या जातात. कल पुन्हा दोन-तीन अक्षरांकडे आहे. आरव, विहान, अर्णव ही नावे कोणत्याही प्रांतात, कोणत्याही देशात उच्चारता यावीत अशी. ‘-अंश’ जोडून शिवांश, रुद्रांश अशी नवी जोडनावेही होतात. नाव ‘वेगळे’ असावे, वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे, ही अपेक्षा सर्व थरांत दिसते. जातीची खूण नावातून पुसली जावी, ही त्यामागची एक इच्छा असेल, तर ती समजण्यासारखी आहे. मात्र ती खूण आता आडनावाकडे सरकली आहे, एवढेच.

या साऱ्या विवेचनाचा समीक्षेशी संबंध कोणता? पात्राचे नाव वाचताना त्याचा कोशातील अर्थ सांगून थांबू नये. ते नाव कृतीत किती वेळा पूर्ण येते, कोणाच्या तोंडी तोडले जाते, निवेदक त्याला कोणता प्रत्यय लावतो आणि पात्र स्वतःचा उल्लेख कसे करते, हे मोजून पाहावे. मराठीत पाच अक्षरांचे नाव पाळण्यात ठेवणे कोणालाही शक्य होते. ते आयुष्यभर पाच अक्षरांचेच ऐकू येणे हे थोड्यांच्या वाट्याला आले. आपल्या वाङ्मयाचा बराचसा भाग या दोहोंमधील अंतरात लिहिला गेला आहे.